पंगत बसवा, तह नंतर: इंदूरच्या शेजाऱ्यांसाठी चाळीस पानांचं नियोजन

पार्किंगवरून, बोअरिंगच्या पाण्यावरून किंवा गणपतीतल्या स्पीकरवरून दोन घरांचं बोलणं बंद झालं, की सोसायटीत कोणीतरी सुचवतंच, "एकदा सगळे मिळून जेवू या." सूचना चांगली असते. पुढे टेंटवाल्याला बुफे सांगितला जातो, माणसं ओळखीच्यांचे घोळके करून उभ्याउभ्या जेवतात आणि ज्या दोन घरांसाठी एवढा खटाटोप केला ती हॉलच्या दोन टोकांना प्लेटी संपवून निघून जातात. जेवण झालं, खर्च झाला, अबोला होता तिथेच राहिला.

इंदुरात एकत्र खाण्याची वाण नाही. सराफ्यात दिवसा सोनं-चांदी विकलं जातं आणि रात्री त्याच ओट्यांसमोर अख्खं शहर खात उभं असतं. पण गर्दीत शेजारी उभं राहणं वेगळं आणि कोणाच्या तरी हातून पानात वाढून घेणं वेगळं. सलोख्यासाठी जेवण घालायचं असेल तर डोकं पदार्थांपेक्षा मांडणीवर चालवावं लागतं: कोण चिरतं, कोण वाढतं, कोण कोणाशेजारी बसतं, पहिला घास कधी उचलला जातो. इथे चाळीस माणसांचं, म्हणजे साधारण बत्तीस मोठी आणि आठ मुलं असं नियोजन दिलं आहे. सुदामानगर, लोकमान्यनगर, वैशालीनगर अशा वस्त्यांत मराठी, माळवी, जैन, सिंधी, बोहरा, शीख घरं एकाच गल्लीत किंवा एकाच जिन्यावर राहतात, ते धरूनच ते केलं आहे.

दिवस आणि वेळ

रविवार दुपार. रात्र नको, कारण जैन घरांतली बरीच माणसं सूर्यास्तानंतर जेवत नाहीत आणि डिसेंबरात इंदुरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पंचांग आणि दिनदर्शिका दोन्ही उघडून बसा. एकादशी, संकष्टी, अष्टमी, चतुर्दशी, नवरात्र, पर्युषण आणि रमजानचा महिना टाळा. अष्टमी-चतुर्दशीला अनेक जैन घरांत हिरवी भाजी चालत नाही, हे मराठी आयोजकांच्या हमखास लक्षात राहत नाही. चातुर्मासात पालेभाजीचाही प्रश्न येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात सोयीचा: ऊन सोसवतं, अन्न टिकतं आणि गच्चीवर बसता येतं.

पानं साडेअकराला मांडायची म्हणजे साडेअकरालाच. दीड वाजेपर्यंत उपाशी ताटकळलेली माणसं चिडतात, आणि चिडलेल्या माणसांना शेजारी बसवून सलोखा होत नाही. उशीर होणार असं अकरालाच दिसलं तर गूळ घातलेलं लिंबूपाणी फिरवा. फरसाण फिरवू नका, भूक मरते.

काय शिजवायचं

कसोटी एकच: पंगतीतल्या कोणालाही "हे मला चालत नाही" असं म्हणावं लागू नये. एका माणसाने एक पदार्थ नाकारला की शेजारचा विचारतो "का?", आणि तिथून गप्पा धर्म, जात, सोवळं या वळणावर जातात. म्हणून मेनू लहान ठेवा आणि सगळ्यांना एकच ठेवा. "जैनांसाठी वेगळं टेबल" हा पर्याय सोयीचा वाटतो, पण तो पंगत मोडतो.

कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, ओलं आलं, ओली हळद बाद. सुंठ आणि वाळलेली हळद चालते. वांगंही टाळलेलं बरं, बहुबीज म्हणजे फार बियांचं म्हणून ते पुष्कळ जैन घरांत येत नाही. थंडीत कोणीतरी गराडू तळायची टूम काढणारच. गराडू कंद आहे, त्याला नम्रपणे सराफ्याचा रस्ता दाखवा. मिठाई विकत आणणार असाल तर वर्ख नको.

सगळ्यात फसवा नियम द्विदलाचा. कच्चं, म्हणजे न तापवलेलं दही किंवा ताक डाळीबरोबर एका जेवणात आलं तर काटेकोर जैनांना ते चालत नाही. आपलं वरण-भात, वर ताक हे सरळ त्यात बसतं. कढी करायची झाली तर ताक आधी उकळून मग बेसन लावतात. चाळीस माणसांच्या स्वयंपाकात हे सांभाळत बसण्यापेक्षा दही-ताक पूर्ण वगळा; कोशिंबिरीला लिंबू पिळा, शेवटी ताकाऐवजी गूळ-लिंबाचं पाणी द्या.

मांसाहार पहिल्या वेळी नको, हे सांगायची गरज नसते. पण त्याचं कारण नीट सांगा: आपण सगळ्यांना खाता येईल तेवढंच शिजवतो आहोत. शाकाहार श्रेष्ठ म्हणून नव्हे. हा फरक बोलण्यात पुसला गेला तर दोन-तीन घरं पुढच्या वेळी नुसती हजेरी लावून जातात.

दाल-बाफल्यांचा मोह टाळा. माळव्यात चारचौघं जमले की बाफलेच, हे कबूल. पण उकडून, भाजून, तुपात बुडवलेले कणकेचे दोन बाफले आणि वर लाडू झाल्यावर माणूस बोलत नाही, लवंडतो. शिवाय तूप ओतायचा आग्रह सुरू झाला की तो थांबत नाही. पोळी, वरण, भात, एक भाजी, कोशिंबीर, खोबऱ्याची चटणी आणि शिरा एवढं पुरे. मराठी घरांत याहून साध्या जेवणानेही मोठी कामं झाली आहेत: समतानंद अनंत हरी गद्रे यांनी १९४०च्या दशकात जातीभेदाविरुद्ध झुणका-भाकरीचे सत्यनारायण घातले, आणि त्यांचा प्रसादच झुणका-भाकर होता. स्वस्त पदार्थाचा फायदा हा, की तो खाऊन कोणी कोणाच्या उपकारात राहत नाही.

मात्र या पंगतीत प्रसाद नको. सामाईक पातेल्यातून नैवेद्य दाखवला की ते अन्न काहींसाठी प्रसाद होतं, आणि प्रसाद न खाणारी माणसं अवघडतात. ज्याला नैवेद्य दाखवायचा त्याने आपल्या घरी आपल्या वाटीत वेगळा दाखवावा. शिऱ्यात केळं घालू नका. सत्यनारायणाचा वास आला की निम्मी मंडळी हात जोडतात आणि निम्मी एकमेकांकडे बघतात.

चाळीस पानांचं सामान

पोळ्या: कणीक ४ किलो, तेल ८० मिली, पाणी सुमारे अडीच लिटर. ३५ ग्रॅम कणकेची एक धरून ११५ पोळ्या होतात.

भात: तांदूळ अडीच किलो. पोळी असताना माणशी ६० ग्रॅम कोरडा तांदूळ पुरतो.

वरण: तूरडाळ दीड किलो, हळद २ चमचे, हिंग १ लहान चमचा, गूळ ६० ग्रॅम. पातळ करून साडेसहा-सात लिटर.

भाजी: लाल भोपळा साडेसात किलो (साल, बिया काढून सहा उरतो), तेल ३०० मिली, मेथीदाणे, लाल तिखट, आमचूर, चवीपुरता गूळ.

कोशिंबीर: काकडी अडीच किलो, ओलं खोबरं, लिंबू, हिरवी मिरची. दाण्याचं कूट वेगळ्या वाटीत, कारण शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं एखादं मूल निघतं.

शिरा: रवा १ किलो, तूप ७०० ग्रॅम, साखर ९०० ग्रॅम, उकळतं पाणी आणि दूध मिळून पावणेतीन लिटर.

वरून वाढायला तूप पाव किलो, लिंबं १०, प्यायचं पाणी २० लिटरची एक बरणी आणि एक राखीव.

मिठाचा अंदाज चुकतो, कारण घरचा हात चार माणसांचा असतो. शिजलेल्या पदार्थाच्या वजनाच्या एक टक्का हे धरून चाला: सात लिटर वरणाला ७० ग्रॅम. आधी ५० घाला, उकळी आल्यावर चाखून उरलेलं. पंगतीत पानावर मीठ वाढलेलंच असतं, तेव्हा कमी पडलेलं निभावतं. जास्त पडलेलं निभावत नाही.

भोपळ्याची भाजी एका कढईत करू नका. सहा किलो फोडी एकत्र पडल्या की खालच्या शिजून लगदा होतात आणि वरच्या कच्च्या राहतात. मग ढवळाढवळ होते आणि सगळाच गोळा. तीन-तीन किलोच्या दोन कढया, पाणी अजिबात नाही, झाकण ठेवून पंधरा-अठरा मिनिटं, मधे फक्त दोनदा उलथन. मीठ घातल्यावर भोपळा स्वतःच पाणी सोडतो. दुसरी कढई पहिली पंगत बसल्यावर चढवायची, म्हणजे दुसऱ्या पंगतीलाही गरम मिळते.

पोळ्यांना वेळ सगळ्यात जास्त जातो. एका तव्यावर मिनिटाला एक पोळी हा चांगला वेग झाला. दोन तवे, दोन लाटणारे, दोन भाजणारे धरून तासभर. पावणेदहाला कणीक मळून झालेली हवी. तव्यावरून काढलेली पोळी लगेच डब्यात रचली तर वाफ कोंडून खालच्या पोळ्या ओल्या होतात. अर्धा मिनिट कापडावर मोकळी ठेवा, मग कापड घातलेल्या डब्यात.

शिऱ्याचा रवा मंद आचेवर तुपात बारा-पंधरा मिनिटं भाजा, त्यात उकळतं पाणी-दूध घाला आणि रवा पूर्ण फुलल्यावरच साखर. साखर घाईने पडली तर रव्याचा दाणा आतून कडक राहतो आणि मग कितीही वाफ दिली तरी मऊ होत नाही. काकडी चोचवून तयार ठेवा, पण मीठ-लिंबू पानं मांडताना. आधी घातलं तर पातेल्यात पाण्याचं तळं होतं.

कोण करणार

आचारी बोलावलात तर वेळ वाचेल, पण सकाळचे दोन तास हातचे जातील. माणसं खरी मोकळी होतात ती भोपळा चिरताना. हात गुंतलेले असतात, डोळे विळीवर असतात, समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. चिरायला तीन वेगळ्या घरांतली चार माणसं, पोळ्यांना चार, वरण-भाताला दोन, शिऱ्याला एक खात्रीचा हात. पुरुषांना नुसत्या खुर्च्या मांडायला लावून स्वयंपाक बायकांवर टाकला, तर पंगत पुरुषांच्या गप्पांचीच होईल. कणीक मळायला ताकद लागते, तिथे त्यांना घाला.

काही वयस्क माणसं दुसऱ्याच्या हातचं खात नाहीत. माळव्यात कच्ची रसोई आणि पक्की रसोई हा भेद अजून काही घरांत आहे: तळलेलं चालतं, पाण्यात शिजवलेला वरण-भात चालत नाही. त्यांच्यासाठी मेनू बदलू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. एकदा पुरी केली की पुढच्या वेळी "कोणी लाटली?" येतंच. त्यांनी घरचा डबा आणला तर आणू द्या, त्याच ओळीत बसू द्या, कोणी टोमणा मारू नये. पानावर एक केळं ठेवा म्हणजे पान रिकामं दिसत नाही.

आता ज्यांना बोलवायला हमखास विसरतात ते. चौकीदार, धुणीभांडी करणाऱ्या बाई, जिना झाडणारे, कचरागाडीवरचे कर्मचारी. यांना "उरलं तर डबा भरून देऊ" असं सांगून सलोख्याची पंगत घालणं हास्यास्पद आहे. आठवडाभर आधी निमंत्रण द्या, घरच्यांसह द्या, त्या दिवशीचा पगार कापू नका आणि भांडी घासायचं काम त्यांच्याकडे ढकलू नका. पहिल्या आणि दुसऱ्या पंगतीत त्यांची पानं विभागून लावा. सगळे दुसऱ्या पंगतीत ढकलले गेले की काय झालं ते त्यांना बरोबर कळतं.

बसवणं

वीस-वीसच्या दोन पंगती. प्रत्येक पंगतीत दहा-दहाच्या दोन ओळी, समोरासमोर. माणशी ६० सेंटिमीटर धरलं तर ओळ सहा मीटर होते. दोन ओळींमध्ये दीड मीटर मोकळं ठेवा. त्याहून कमी असेल तर वाढणाऱ्याचं पातेलं कोणाच्या तरी डोक्याला लागतं. ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांच्यासाठी खुर्ची आणि छोटं टेबल त्याच ओळीच्या टोकाला; "सीनियर सिटिझन" असं वेगळं कोंडाळं करू नका.

जागा चिठ्ठ्यांनी ठरवा. आठ वर्षांखालची मुलं आईबापाजवळ, बाकी घरं फोडायची. चिठ्ठ्या काढल्या की "मला मुद्दाम तिथे बसवलं" असं कोणी म्हणू शकत नाही. ज्या दोन माणसांचा वाद आहे त्यांच्या चिठ्ठ्या मात्र तुम्ही आधी बघून ठेवा. त्यांना समोरासमोर नको, अगदी शेजारीही नको. एकाच ओळीत, मध्ये दोन माणसं सोडून बसवा. समोरासमोर बसलेला माणूस सारखा दिसत राहतो आणि घास घशात अडकतो. एका ओळीत असला की त्याचा फक्त आवाज येतो.

खरी जुळणी वाढण्यात करायची. पहिल्या पंगतीला दुसऱ्या पंगतीतले पाच जण वाढतील, मग अदलाबदल. त्या दोघांना एकाच वाढप्यांच्या गटात घाला: एकाकडे भात, दुसऱ्याकडे वरण. भात पडल्याशिवाय वरण पडत नाही, वरणाशिवाय भात सुका राहतो. "इकडे आणा", "थांबा जरा", "झालं का तिकडे?" एवढं तरी बोलावंच लागतं. महिनोन्‌महिने बंद पडलेलं बोलणं वरणाच्या पळीवरून सुरू होऊ शकतं, समितीच्या बैठकीत ते होत नाही.

या बाबतीत शहरातल्या दोन परंपरांकडे बघण्यासारखं आहे. जुन्या इंदुरातल्या इमली साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये कोण आलं हे न विचारता सगळे एका ओळीत जमिनीवर बसतात आणि रोटी दोन्ही हात पुढे करून घेतात. हात पुढे केल्याशिवाय काही मिळत नाही, त्यामुळे न मागता पानात काही पडत नाही आणि टाकलंही जात नाही. बोहरा घरांत आठ जण एका मोठ्या थाळाभोवती बसतात आणि जेवणाची सुरुवात चिमूटभर मिठाने करतात. थाळ भरून माणसं बसल्याशिवाय सुरुवात होत नाही. आपल्या पंगतीसाठी दोन्ही उचला: पोळी हातात घ्यायची, आणि सगळ्यांनी एकाच वेळी मिठाच्या कणाने सुरुवात करायची.

वाढणं

पान आपल्या पद्धतीनेच मांडा. वर मध्ये मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, भात मध्ये. गार पदार्थ आधी, भात-वरण-तूप सगळ्यात शेवटी, म्हणजे बसल्यावर तीन मिनिटांत पान पूर्ण आणि भात गरम. क्रम उलटा केलात तर शेवटच्या पानाला कोशिंबीर पोचेपर्यंत पहिल्याचा भात थिजतो.

पहिलं वाढप बेताचं: भात एक लहान मूद, वरण ६० मिलीची एक पळी, भाजी एक डाव, पोळी एक. दुसऱ्या फेरीत मागेल तेवढं. वाढणाऱ्याने एकच प्रश्न विचारायचा: "अर्धी की पूर्ण?" याला उत्तर देणं सोपं जातं. "अजून घ्या ना" याला नाही म्हणायला माणूस संकोचतो, पानात पडतं आणि मग टाकलं जातं. पानावर तळवा आडवा धरला म्हणजे बस. त्यानंतर आग्रह केला तर वाढप्याची पळी काढून घ्यायची, मग तो अध्यक्ष का असेना. आग्रहाला आपल्याकडे प्रेम समजतात, हे खरं. इथे मात्र ज्याला आग्रह जास्त होतो तो मानाचा आणि ज्याला होत नाही तो परका, असं पंगतीतच उघड होतं.

पहिली पाच मिनिटं

मोबाइल टोपलीत. श्लोक, प्रार्थना, बिस्मिल्ला, णमोकार ज्याचं त्याने मनात म्हणावं. त्यासाठी एक मिनिट शांतता. माइक नको. मग एकाने दोनच वाक्यं सांगायची: "मीठ जिभेवर ठेवून सुरुवात करू या. पहिली पाच मिनिटं न बोलता जेवू या." भाषण केलंत तर भात गार होईल आणि लोक घड्याळाकडे बघतील.

या पाच मिनिटांत करायचं एवढंच: लहान घास घ्यायचा, तो पूर्ण गिळेपर्यंत पुढचा कालवायचा नाही, हात पानाच्या कडेला टेकवायचा. वरणातला हिंग लागतो का, भोपळ्यात मेथी कुठे कडवट लागते, इकडे लक्ष द्यायचं. चावण्याचे आकडे मोजायला लावू नका, चेहरे त्रासिक होतात. मुलांना खेळ द्या: भाजीत कोणकोणते जिन्नस आहेत ते पाच मिनिटं मनात धरून ठेवायचे आणि मग सांगायचे.

पोट भरल्याची खूण मेंदूला उमटायला साधारण वीस मिनिटं लागतात. दहा मिनिटांत जेवण उरकणारा माणूस भूक संपल्यावरही खात असतो. म्हणून दुसरी फेरी पहिल्या घासानंतर किमान बारा मिनिटांनी, आणि शिरा विसाव्या मिनिटाला, एक लहान डाव. शिरा आधी वाढून ठेवला तर मधुमेह असलेली माणसंसुद्धा "पानात आहे म्हणून" खातात. एक पंगत पस्तीस-चाळीस मिनिटांत व्हावी.

शांतता मोडते ती दोन कारणांनी. एक म्हणजे कोणीतरी हसतं. हसू द्या, मिनिटभरात आपोआप शांत होतं. दुसरं म्हणजे एखादे उत्साही काका घरून शेवेचं पाकीट आणि जीरावन मसाला घेऊन येतात, कारण इंदुरात त्याशिवाय जेवण गळ्याखाली उतरत नाही. जीरावनला हरकत नाही, घटक वाचून फिरवा. शेव मात्र तपासा. लसणाची शेव वरणावर पडली की सकाळपासूनचं सगळं पथ्य वाया.

पाच मिनिटांनंतर गप्पा मोकळ्या. एकच विषय बंद: ज्यावरून वाद आहे तो. कोणी काढलाच तर शेजारच्याने त्याच्याकडे पोळीचा डबा सरकवावा.

वाटायचं ते आधी काढा

रुग्णालयात बसलेले नातेवाईक, बांधकामावरची कुटुंबं यांच्यासाठी द्यायचं असेल तर पंगत बसण्याआधी, पहिल्या वाफेचं काढा. दहा जणांसाठी ३० पोळ्या, दीड किलो भाजी आणि शिरा. सामानात तेवढी वाढ धरा. वरण-भात देऊ नका, सांडतं आणि लवकर बिघडतं. एम.वाय. हॉस्पिटलच्या आवारात वाटणार असाल तर आधी विचारून घ्या. देताना फोटो नाही. उरलेलं देणं आणि राखून ठेवलेलं देणं यांतला फरक घेणाऱ्याला डबा उघडताक्षणी कळतो.

सुरक्षिततेचं गणित कडक आहे. शिजलेलं अन्न एकतर ६० अंशांच्या वर गरम हवं किंवा लवकर थंड करून फ्रीजमध्ये. मधल्या तापमानात दोन तासांहून जास्त नको; मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, एक तास. भात सगळ्यात दगा देतो: त्यातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात ते वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. उरलेला भात पातेल्यात न ठेवता परातीत दोन बोटं जाडीने पसरा, गार झाला की फ्रीज. ओल्या खोबऱ्याची चटणी उरली तर टाकूनच द्या.

उष्टं, पानं आणि हिशोब

ताटं टेंट हाउसमधून स्टीलची आणा, नाहीतर पळसाच्या पत्रावळी; माळव्यात पळसाला खाखरा म्हणतात, त्याचे दोने-पत्तल बाजारात मिळतात. आतून चकचकीत प्लास्टिक लावलेल्या पत्रावळी घेऊ नका. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदीच आहे. शहराचा ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात जातो. फेब्रुवारी २०२२मध्ये सुरू झाला तेव्हा या प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टनांची होती. तुमच्या पंगतीतला एखादा प्लास्टिकचा चमचा तिथे कोणाला तरी हाताने वेचावा लागतो.

उष्टं एका बादलीत जमवून काट्यावर तोला. चाळीस पानांमागे दीड किलोच्या आत असेल तर वाढप नीट झालं. तीन किलोच्या वर गेलं तर बादलीत बघा: भात जास्त असेल तर पहिली मूद मोठी होती, पोळीचे तुकडे असतील तर दोन-दोन वाढल्या गेल्या, भाजी असेल तर तिखट झाली. पुढच्या वेळचं सामान या बादलीवरून ठरवा.

पैसे बंद पेटीत. माणशी रक्कम सांगा, पण कोणी किती टाकले याची यादी लावू नका. कमी टाकणारा घरी बसेल आणि जास्त टाकणारा पुढच्या वेळी खुर्ची मागेल. एकूण खर्चाचा कागद मात्र दुसऱ्याच दिवशी नोटीस बोर्डवर.

तीन महिन्यांनी पुढची पंगत, आणि मेनू दुसऱ्या घराने ठरवायचा. नेहमी मराठी जेवणच राहिलं तर बाकीचे कायम पाहुणेच राहतात. सिंधी घराला साई भाजी (पालक-डाळीची भाजी) सांगा, बोहरा घराला दाल-चावल-पालीदू (डाळ-भात आणि वर आमटीसारखं पालीदू). दोन्ही शाकाहारी आहेत, फक्त कांदा, लसूण आणि कंद वगळायची विनंती आधी करा आणि एकदा थोडं करून चव बघा, कारण पालीदूला लसणाशिवाय चव आणणं सोपं नाही.

आणि पार्किंगची, किंवा ज्यावरून वाद आहे त्याची, बैठक पंगतीनंतर लगेच येणाऱ्या बुधवारी किंवा गुरुवारी घ्या. जास्त लांबवली तर पंगतीची ऊब जाते, त्याच दिवशी घेतली तर लोकांना वाटतं की जेवायला त्यासाठीच बोलावलं होतं. बैठकीत चहा-बिस्किटं, त्याहून जास्त काही नको. बैठकीचं इतिवृत्त लिहायचं काम भात वाढणाऱ्याला द्या आणि त्यावर पहिली सही वरण वाढणाऱ्याची घ्या.